आरामरोप : सार्वजनिक बागेत कंद कुणी लावायचे?



बोईसर-तारापूर आणि पालघर परिसरातील तरुण कार्यकर्त्यांपुढे आम्ही एक साधा प्रस्ताव मांडत आहोत. पहिला पाऊस पडला की आपल्या भागातील एखाद्या सार्वजनिक बागेत सगळ्यांनी मिळून फुलांचे कंद लावायचे. निशिगंध, पावसाळी लिली, सोनटक्का, कर्दळ असे इथल्या हवेत सहज रुजणारे कंद. हे ऐकल्यावर अनेकांच्या मनात एकच शंका येईल : शिष्यवृत्त्या रखडतात, कंत्राटी कामगार पिळला जातो, अत्याचाराच्या बातम्या थांबत नाहीत, आणि तुम्ही फुले लावायला सांगता? बागकाम हा निवांत लोकांचा छंद. तो चळवळीचा कार्यक्रम कसा होईल?

शंका रास्त आहे, तिला टाळून पुढे जाता येणार नाही. आमचे म्हणणे असे की सार्वजनिक जागेवर बाग कोण लावतो, खड्डा कोण खणतो, फूल कुणाच्या वाट्याला येते आणि पाटीवर नाव कुणाचे लागते, या प्रश्नांना अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे. हा इतिहास आपला आहे. त्याचे एक महत्त्वाचे पान तर आपल्याच पालघर जिल्ह्यात सापडले आहे.

आराम म्हणजे बाग

आज मराठीत आराम म्हणजे विश्रांती. पालीत आराम म्हणजे बाग, उपवन. भिक्खूसंघाच्या निवासाला संघाराम हे नाव पडले ते यामुळेच. राजगृहात बिंबिसाराने वेळुवन दिले, श्रावस्तीत अनाथपिंडिकाने जेतवन दिले, वैशालीत आम्रपालीने आपले आम्रवन दिले. राजा, व्यापारी आणि समाजाने हिणवलेली गणिका, तिघांचे दान एकाच प्रकारचे : झाडाझुडपांची, सावलीची, लोकांना येऊन बसता येईल अशी जागा. धम्म ऐकायला या बागांमध्ये जो येई, त्याला वर्ण विचारला जात नव्हता.

संयुत्त निकायात वनरोप सुत्त आहे. पुण्य रात्रंदिवस कुणाचे वाढते, असा प्रश्न त्यात बुद्धांना विचारला जातो. उत्तरात ते बागा लावणाऱ्यांचे, वने लावणाऱ्यांचे, पूल बांधणाऱ्यांचे, पाण्याची सोय करणाऱ्यांचे, विहिरी आणि निवारा देणाऱ्यांचे नाव घेतात, आणि अशी माणसे धम्मात व शीलात स्थिर असतात असे सांगतात. या यादीत यज्ञ नाही, होम नाही, दक्षिणा नाही. यादीची सुरुवात होते ती आरामरोपांपासून, म्हणजे बाग लावणाऱ्यांपासून. ज्या काळात पुण्य मिळवायचे तर पुरोहितामार्फतच, असे सांगितले जात होते, त्या काळात पुण्याची ही व्याख्या म्हणजे बंडच होते. दहा माणसांच्या उपयोगी पडेल असे काहीतरी जमिनीवर उभे करा, मधला दलाल नको, असा त्याचा सरळ अर्थ.

पण आम्ही इतिहासाकडे भक्तिभावाने पाहत नाही, चिकित्सेने पाहतो. विनयाच्या नियमांनुसार भिक्खूला स्वतः जमीन खणायला आणि झाडझाडोरा तोडायला मनाई होती. मग आरामातली माती कुणी खणली? विनयपिटकच त्याचे उत्तर देते : आरामिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवकांनी. पिलिंदवच्छ थेरांसाठी बिंबिसाराने पाचशे आरामिक दिले आणि त्यांचे एक वेगळे गावच वसले, असे तिथे नोंदवले आहे. म्हणजे बाग सर्वांची असली तरी खणणारे हात 'दिलेले' होते. दुसरीकडे थेरगाथेत सुनीत थेर भेटतात. हीन मानल्या गेलेल्या कुळात जन्मलेले, कोमेजलेली फुले झाडून टाकण्याचे काम करणारे. बुद्धांनी त्यांना वाटेत थांबवून संघात घेतले आणि ते अर्हत झाले. फुलांच्या इतिहासात फुले वाहणारा सगळ्यांना दिसतो. फुले लावणारा आणि फुले झाडणारा कुणाला दिसत नाही. आपल्याला नेमका त्यांचाच शोध घ्यायचा आहे.

सोपाऱ्याचा दगड आणि सोन्याची फुले

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळा झालेला पालघर जिल्हा म्हणजे अणुऊर्जा केंद्र, औद्योगिक वसाहत आणि चिकू, एवढीच अनेकांची समजूत आहे. याच जिल्ह्यातील नालासोपारा म्हणजे पाली साहित्यातील सुप्पारक, प्राचीन काळातील मोठे बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथे 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी खणली, आणि तो कोट नसून बौद्ध स्तूप असल्याचे सिद्ध झाले. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती आणि तिच्यात एकात एक बसवलेले करंडक : तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोने. सोबत सोन्याची फुले होती. आणि सगळ्यात आतल्या सोन्याच्या करंडकात काय होते? मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. सोने सगळे बाहेरच्या बाजूला, आत जपून ठेवलेली ती माती.

याच सोपाऱ्यात सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलालांना मिळाला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगाव इथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखात अशोक सांगतात, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि मौजमजा करायला. आपण मात्र धम्मयात्रा सुरू केली. संबोधीच्या स्थानी जाणे, श्रमण-ब्राह्मणांना आणि वृद्धांना भेटून दान देणे, ग्रामीण लोकांना भेटून त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे. राजाच्या मौजेचे रूपांतर लोकांच्या भेटीत झाले, हे सांगणारा दगड आपल्या जिल्ह्याच्या भूमीत उभा होता.

ज्या चौदा लेखांच्या मालिकेतले हे दोन लेख, त्याच मालिकेतील दुसरा लेख गिरनारसारख्या ठिकाणी आजही वाचता येतो. त्यात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय केल्याचे सांगून अशोक पुढे म्हणतात, औषधी वनस्पती, मुळे आणि फळे जिथे जिथे नव्हती तिथे तिथे ती आणवली आणि लावली. रस्त्यांवर विहिरी खणल्या, झाडे लावली. लेखातील 'मुळे' हा शब्द लक्षात ठेवा. जमिनीखाली वाढणारे, वरून न दिसणारे, पण वेळ आली की उगवून येणारे असे काहीतरी एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात नेऊन लावणे, हे तेव्हाच्या राज्याचे अधिकृत काम होते आणि ते दगडावर कोरून जाहीर केले होते. अशोकांची राणी कारुवाकी हिच्या दानांची नोंद असलेल्या लेखात आम्रवने, आराम आणि दानगृहे यांचा उल्लेख आहे, आणि ही दाने राणीच्याच नावाने नोंदवा असा आदेश आहे. स्त्रीचे काम स्त्रीच्या नावावर नोंदवावे, हा आग्रह सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा.

फुले कुणाची, तळे कुणाचे

भगवानलाल सोपाऱ्यात खणत होते त्याच वर्षी, १८८२ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले हंटर आयोगापुढे बहुजनांच्या शिक्षणाचे निवेदन देत होते. फुले हे आडनावच या विषयाशी जोडलेले आहे. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे, गाव साताऱ्याकडचे कटगुण. पुण्यात आल्यावर पेशव्यांना फुले पुरवण्याच्या धंद्यावरून त्यांना फुले हे नाव पडले. फुलांचे हार-गजरे पेशव्यांच्या वाड्यात जात, पण फुलवणाऱ्याच्या मुलाने शाळेत जावे हे त्या वाड्याच्या संस्कृतीला मान्य नव्हते. माळ्याच्या मुलाने हे नाते उलटे केले. पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर सार्वजनिक पैसा उधळायला त्यांनी विरोध केला आणि तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. सार्वजनिक पैसा म्हणजे लोकांचा पैसा, ही भूमिका त्यांनी सभागृहात एकट्याने घेतली.

हीच भूमिका पुढे कायद्याच्या भाषेत आली. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक निधीतून बांधलेली व राखलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अशी ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सनातन्यांनी शेण आणि गोमूत्राने तळे 'शुद्ध' केले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

महाडचा धडा आम्ही असा वाचतो : सार्वजनिक जागा ठरावाने सार्वजनिक होत नाही, लोक तिथे जाऊन तिचा वापर करतात तेव्हा होते. पण केलेला वापर टिकवायला कायदाही लागतो. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्यासोबत 'सार्वजनिक राबत्याच्या जागा' हे शब्द आले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा एस. नागप्पा यांच्या शंकेवर बाबासाहेबांनी स्पष्ट केले की दफनभूमीसुद्धा या शब्दांत येते, मात्र ती पूर्णतः किंवा अंशतः सार्वजनिक निधीतून राखलेली असली पाहिजे. हाच निकष बागेला लावा. सार्वजनिक निधीतून राखलेली किंवा लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेली बाग ही सार्वजनिक राबत्याची जागा आहे. तिथे बसण्याचा हक्क ही कुणाची मेहेरबानी नाही.

वेठ आणि श्रमदान

आता प्रश्न उरतो खणणाऱ्या हातांचा. इथेही आपल्या जिल्ह्याचा इतिहास बोलतो. डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात वारली आदिवासी जमीनदारांच्या वाड्यांत आणि शेतांत वेठीने राबत होते. मे १९४५ मध्ये झरी इथे वारल्यांची परिषद झाली आणि वेठ न करण्याचा निर्धार झाला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर या लढ्याचे नेतृत्व करत होते. शामराव त्याआधी स्वतंत्र मजूर पक्षात बाबासाहेबांसोबत काम केलेले. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा इथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी शहीद झाले. दुसऱ्याच्या जमिनीवर फुकट खड्डा खणणार नाही, एवढे म्हणण्याची ती किंमत होती.

म्हणून 'श्रमदान' हा गोड शब्द आपल्या जिल्ह्यात जपून वापरला पाहिजे. वृक्षारोपणाचे नेहमीचे दृश्य आठवा. आदल्या दिवशी कंत्राटी मजूर खड्डे खणून ठेवतात. दुसऱ्या दिवशी साहेब येतात, तयार खड्ड्यात तयार रोप ठेवतात, झारीने पाणी घालतात, फोटो होतो. मजुराचे नाव कुठेच नसते आणि रोप जगले की मेले हे कुणी पाहत नाही. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट जाहीर झाले. त्यातली किती जगली, यावरून पुढे विधिमंडळात चौकशीची मागणी झाली. आकडा लावणीचा सांगितला जातो, जगवणुकीचा नाही. आरामिकांच्या काळापासून चालत आलेली ही विभागणी मोडायची असेल तर एकच उपाय आहे : जो निर्णय घेतो त्यानेही खणायचे, आणि जो खणतो त्यालाही निर्णयात बसवायचे.

बाबासाहेबांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले तेव्हा त्या परिसराला नाव दिले नागसेनवन. ज्याने राजा मिलिंदाच्या प्रश्नांना न घाबरता उत्तरे दिली त्या भिक्खूचे नाव, आणि त्याला जोडून 'वन'. वेळुवन, जेतवन यांच्या ओळीत त्यांनी विद्यार्थ्यांचा परिसर बसवला. नागपूरच्या दीक्षाभूमीवर भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरच्या बोधिवृक्षाची रोपे आणून लावली. शिक्षण, धम्म आणि झाड यांची ही सांगड आपल्या चळवळीने आधीच घातलेली आहे. आपण काही नवे करत नाही, राहिलेले काम पुढे नेत आहोत.

तारापूरला फुले कशासाठी?

बोईसर-तारापूरमध्ये हा विषय अधिक तातडीचा आहे. १९६९ साली तारापूर अणुऊर्जा केंद्र सुरू झाले. केंद्राच्या पुढच्या टप्प्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवली गेली. औद्योगिक वसाहत वाढली, देशभरातून कामगार आले. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत वाईट, क्रमांकावर होते. या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे मच्छीमारांच्या संघटनेने.

म्हणून एक गोष्ट आम्ही ठामपणे सांगतो. निशिगंधाचा कंद रासायनिक सांडपाणी स्वच्छ करणार नाही. फुलांच्या ताटव्याने कारखान्याचे पाप झाकू द्यायचे नाही. आपण लावलेल्या बागेत कंपनीची जाहिरात नको आणि उद्घाटनाला कारखानदार नको. उलट बागेचे निमित्त करून माती आणि पाण्याच्या तपासणीची मागणी करायची. तपासणीचा अहवाल येईपर्यंत त्या जागेत खाण्याची कोणतीही वस्तू लावायची नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीने झोपणाऱ्या कामगाराला, दिवसभर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला, अभ्यासाला जागा नसलेल्या पोराला संध्याकाळी टेकायला मोकळी जागा लागते. ती जागा बंद फाटकामागे असेल तर फाटकाच्या वेळा कुणी ठरवल्या हे विचारायचे. माहिती अधिकारात आपल्या भागातील मोकळ्या भूखंडांची आणि बागांची यादी मागायची. कंद लावणे आणि हे प्रश्न विचारणे हे एकच काम आहे.

कंदच का?

रोपापेक्षा कंद आपल्या कामाचा, याची कारणे साधी आहेत. तो खिशात मावतो, पिशवीतून नेता येतो. एकदा रुजला की जमिनीखाली त्याला पिल्ले फुटतात. दोन-तीन वर्षांनी उकरून वेगळी केली की एका बागेतून दुसरी बाग लावता येते. दरवर्षी निधी मागत हिंडायला नको. निशिगंध आणि कर्दळ दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले, आज आपल्या अंगणातले. आणून लावलेले कसे आपले होते, हे अशोकांच्या लेखाइतकेच त्यांच्याकडून शिकावे.

आपल्याकडे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. सपाट जागेत पाणी साचले की निशिगंधाचा कंद कुजतो. म्हणून वाफा उंच करायचा, निचरा पाहायचा, कंदाच्या उंचीच्या साधारण दुप्पट खोल लावायचा. सोनटक्का आणि कर्दळ यांना मात्र ओल चालते, त्यांना सखल कडेला जागा द्यायची. हे सगळे आपल्याला शिकवायला बाहेरचा तज्ज्ञ नको. पावसाच्या तोंडावर बाजारात शेवळे घेऊन बसणाऱ्या आदिवासी बाया पाहा. शेवळ हा कंदातूनच वर येणारा फुलोरा. तो कधी काढायचा, खाज जावी म्हणून काकडे घालून कसा शिजवायचा, पुढच्या वर्षासाठी कंद जमिनीत कसा राखायचा, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. त्यांना शिकवण्यासाठी बोलवायचे आणि त्यांच्या दिवसाची मजुरी द्यायची. ज्ञान फुकट घेणे हीसुद्धा वेठच आहे.

कामाचा क्रम असा धरता येईल. १ मे रोजी कामगार दिन आणि ग्रामसभा. जागा ग्रामपंचायतीची असेल तर तिथे लेखी ठराव मांडायचा, नगरपरिषदेची किंवा एमआयडीसीची असेल तर त्यांच्याकडे अर्ज देऊन पोच घ्यायची. बुद्ध पौर्णिमेपासून जागेची साफसफाई आणि कंद जमवणे. जूनच्या पहिल्या पावसात लागवड. त्यानंतर प्रत्येक वाफ्याची जबाबदारी तीन घरांकडे. त्यात वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली घरे एकत्र असावीत, एकाच वस्तीची वाडी होऊ देऊ नये. कामाच्या वहीत खणणाऱ्या प्रत्येकाचे नाव. पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर अनुच्छेद १५ (२) चा मजकूर. कुणाचेही 'सौजन्याने' नको.

आपण विहारात पुष्पपूजा करतो तेव्हा फूल जसे कोमेजते तसे शरीरही कोमेजणार, हे मनात आणतो. ती अनित्यतेची आठवण आहे. पण जयंतीला हजारो रुपयांचे हार घालून दुसऱ्या दिवशी ते गोळा करायला सफाई कामगाराला बोलावतो, तेव्हा सुनीत थेरांचे काम पुन्हा त्याच माणसांच्या गळ्यात घालतो. पुढच्या जयंतीला हारांच्या खर्चातला अर्धा भाग कंदांसाठी बाजूला काढा, एवढीच आमची मागणी आहे.

जूनमध्ये लावलेल्या निशिगंधाला साधारण तीन-साडेतीन महिन्यांत फुलांचे दांडे येतात. म्हणजे १४ ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, बोईसरच्या एखाद्या बागेत संध्याकाळी पाळी संपवून आलेला कामगार त्या वासात बसलेला असेल. त्याला उठ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नसेल. आपल्या वस्तीजवळची जागा शोधा, तिचा मालक कोण ते काढा आणि कामाला लागा.

जय भीम! नमो बुद्धाय!